घरच्यांचा भाव

काकूंच्या घरची वरच्या मजल्यावरची खोली चार वर्षं रिकामी होती. रिकामी म्हणजे तिथे माणूस राहत नव्हतं एवढंच. बाकी दोन मोडकी शिलाई मशिनं, चिंध्यांची सहा पोती आणि गेलेल्या नवऱ्याची सायकल असा भरगच्च संसार तिथे होता. काकू खालच्या खोलीत शिवणकाम करायच्या. गल्लीतल्या प्रत्येक पँटची उंची आणि प्रत्येक पोटाचा घेर त्यांना तोंडपाठ होता. कोणाचा घेर कोणापुढे काढायचा नाही, हेही त्यांना नीट कळायचं. त्यामुळे धंदा बरा चालला होता.

खोली भाड्याने द्यायचं सुचवलं ते धाकट्या दिराने. त्याचं किराणा दुकान काकूंच्या घराला लागूनच होतं.

"वहिनी, हल्ली बाहेरच्या देशातले म्हातारे इकडे राहायला यायला लागलेत," तो म्हणाला. "तिकडच्या पेन्शनीत तिकडे धड दोन वेळचं भागत नाही, तेवढ्यात इकडे थाटात राहतात. एक आहे माझ्या नजरेत. कालपासून दोनदा येऊन साबणाची किंमत विचारून गेला."

"मग साबण घेतला का?"

"नाही. वहीत लिहून घेतली."

"भाडं किती सांगायचं?"

"सहा हजार."

काकूंच्या हातातली कात्री थांबली. "डोकं ठिकाणावर आहे का भाऊजी? मास्तरांची अशीच खोली दोन हजाराला गेलीय."

"ती घरच्यांच्या भावाने गेली. हा पाहुण्याचा भाव. सहा हजारात त्याला तिकडे मोटार उभी करायला जागा मिळणार नाही. तुम्ही फक्त गप्प बसा, बोलायचं काम माझं."

दुसऱ्या दिवशी पाहुणा आला. उंच, किडकिडीत, सहासष्ट वर्षांचा, पांढऱ्या मिशांचा. काकूंची नजर आधी त्याच्या शर्टाच्या शेवटच्या बटणावर गेली. ते बाकीच्या बटणांहून वेगळं होतं आणि काळ्या दोऱ्याने कसंबसं टाचलेलं होतं. माणूस एकटा आहे, हे त्यांनी तिथेच ओळखलं.

त्याने दारावर तीनदा टकटक केली आणि चटकन दोन पावलं मागे सरकला. पुढे कळलं की तिकडे त्याने पस्तीस वर्षं घरोघर फिरून पाण्याची मीटरं वाचली होती आणि त्या नोकरीत त्याला सतरा कुत्रे चावले होते. गल्लीने त्याचं नाव मीटरसाहेब ठेवलं ते तेव्हापासून. भाषा तो पुस्तकावरून शिकला होता, आणि ते पुस्तक त्याच्याहूनही जुनं असावं.

"महोदया," तो काकूंना म्हणाला, "मी आपल्या निवासस्थानाचे अवलोकन करू इच्छितो."

काकूंनी दिराकडे पाहिलं. "खोली बघायचीय म्हणतोय," दीर म्हणाला.

खोली बघून झाली. दिराने घसा साफ केला आणि सहा हजारांचा आकडा टाकला. मीटरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आता हा माणूस आपल्याला लुटारू म्हणणार, असं काकूंना वाटलं.

"प्रति सप्ताह?" मीटरसाहेबांनी हळूच विचारलं.

"महिन्याला हो!" काकूंच्या तोंडून निघून गेलं.

मीटरसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी काकूंचा हात दोन्ही हातांत धरला. "महोदया, आपले अंतःकरण विशाल आहे."

दिराने नंतर दुकानात हसून हसून मीठ सांडलं. काकूंना मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शिव्या दिल्या असत्या, घासाघीस केली असती, तर काकूंनी सहा हजार मजेत घेतले असते. पण विशाल अंतःकरण म्हटल्यावर पंचाईत झाली. पहिल्या आठवड्यात त्यांनी ते बटण बदलून दिलं. मग उरलेले पाच शर्ट वर जाऊन घेऊन आल्या. मग कोटाचं अस्तर बदललं. संध्याकाळी सूप करताना एक वाडगा जास्तीचा व्हायला लागला, पुढे सूपाबरोबर पावही जायला लागला. महिन्याभरात अशी वेळ आली, की काकू सकाळी उठून आधी मीटरसाहेबांच्या आंघोळीचं पाणी तापवायच्या आणि मग स्वतःचा चहा टाकायच्या. पाहुणा "आपली कृपा" म्हणायचा, आणि प्रत्येक कृपेगणिक काकूंना वाटायचं, अजून चार हजार फिटले नाहीत.

इकडे मीटरसाहेबांनी कामाला सुरुवात केली होती. त्यांच्याबरोबर निवृत्त झालेले अकरा मीटर वाचणारे तिकडे डोळे लावून बसले होते. नव्या देशात महिन्याला किती लागतात, हे मीटरसाहेबांनी कळवायचं, मग त्यांनी ठरवायचं. यासाठी मीटरसाहेबांनी वहीत एक तक्ता आखला. डावीकडे वस्तू, मधे पाहुण्याचा भाव, उजवीकडे घरच्यांचा भाव. आपल्याला जास्त भाव लागतो हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. फक्त किती जास्त, एवढंच त्यांना अचूक हवं होतं.

मधला रकाना दोन दिवसांत भरला. उजव्यासाठी ते घरोघर निघाले. सकाळी दहाला तीन टकटक, दोन पावलं मागे.

"क्षमस्व. आपण अंडी किती मूल्यास प्राप्त करता?"

लोकांना आधी गंमत वाटली. मास्तरीणबाईंनी तर त्यांना खुर्ची देऊन अंडी, तेल, साबण, साखर, सगळ्यांचे भाव घडाघडा सांगितले. त्या घरात भाव पाठ असणं हा अभिमानाचा भाग होता. सलूनवाल्यानेही सांगितले. कोपऱ्यावरच्या चांभाराने सांगितले. मीटरसाहेब सात घरं फिरले आणि घरी येऊन डोकं धरून बसले.

काकू सूप घेऊन वर गेल्या तेव्हा टेबलावर वही उघडी होती.

"काय झालं?"

"महोदया, माझा तक्ता भ्रष्ट झाला आहे. घरच्यांचा भाव एक असावा. येथे सात आहेत." त्यांनी पेन्सिल अंड्यांच्या ओळीवर ठेवली. "सर्व अंडी आपल्या दिरांच्याच दुकानातील. मास्तरमहोदया अठ्ठेचाळीस. केशकर्तनकार पन्नास. चर्मकार बावन्न. मी सहासष्ट. आता कृपया आपला भाव सांगा."

"साठ," काकू म्हणाल्या.

मीटरसाहेबांनी लिहिलं. मग साखर विचारली, मग तेल, मग साबण. काकू सांगत गेल्या, ते लिहीत गेले. शेवटी त्यांनी वही लांब धरून पाहिली आणि अतिशय काळजीने विचारलं, "महोदया, क्षमा करा. आपण या देशात केव्हा आलात?"

"काय?"

"तक्त्यानुसार आपण परदेशी आहात."

काकूंनी वही आणि पेन्सिल ओढून घेतली. आकडे त्यांना शिवणकामामुळे चांगले कळत. मास्तर, सलूनवाला, चांभार एका बाजूला. त्या आणि मीटरसाहेब दुसऱ्या बाजूला. सख्खा दीर, भिंतीला भिंत लागून, आणि चार वर्षं साठने अंडी. नवरा होता तेव्हा सामान तो आणायचा. तो गेल्यापासून त्या जात होत्या आणि भाऊजी सांगतील तेवढे देत होत्या, कारण भाऊजींना काय विचारायचं?

सूप तिथेच ठेवून त्या खाली उतरल्या. मीटरसाहेब वही घेऊन मागोमाग निघाले, कारण काकूंच्या हातात त्यांची पेन्सिल होती.

दुकानात त्या वेळी मास्तर आणि सलूनवाला उभे होते. काकूंनी इकडचं तिकडचं काही बोलणं केलं नाही.

"भाऊजी, मास्तरांना अंडी अठ्ठेचाळीसने देता?"

दिराने एकदा वहीकडे, एकदा मीटरसाहेबांकडे पाहिलं. "मास्तर घासाघीस करतात वहिनी. अर्धा अर्धा तास डोकं खातात. शेवटी वाटतं, फुकट घ्या पण घरी जा."

"मी डोकं खात नाही म्हणून मला साठ?"

"तुम्ही कधी विचारलंतच नाही! मी पहिल्या दिवशी साठ म्हटलं, वाटलं तुम्ही पंचावन्न म्हणाल. तुम्ही पैसे ठेवलेत आणि गेलात. मग दुसऱ्या दिवशी मी कमी कसे सांगणार? लबाड ठरलो असतो ना!"

"म्हणून चार वर्षं लबाडी केलीत? लबाड ठरू नये म्हणून?"

सलूनवाल्याला हसू फुटलं. त्यामुळे दीर जास्तच चिडला. "आणि तुम्ही काय धुतल्या तांदळाच्या? मास्तरांची पँट शंभरला शिवता, माझे दीडशे घेता! मीटरसाहेब, लिहा तेही!"

"तुमच्या पँटला दीडपट कापड लागतं भाऊजी," काकू म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाचा तरी घेर चारचौघांत काढला. "मास्तरांच्या दोन मांड्या तुमच्या एका पायात मावतील. सांगू का आकडा?"

"हे कारण ग्राह्य आहे," मीटरसाहेब म्हणाले आणि काकूंच्या हातातून पेन्सिल घेऊन त्यांनी लिहून घेतलं.

"मग खोलीचं भाडंही लिहा की!" दिराचा तोल गेला. "वहिनी, सांगा त्याला! मास्तरांची खोली कितीला गेलीय ते सांगा!"

आकडा सुचवला कोणी, बोलणी केली कोणी, हे बोलून गेल्यावर दिराच्या ध्यानात आलं, आणि तो खाली वाकून उगाच डबे मोजायला लागला. मीटरसाहेबांनी वही चाळली. घरभाडं या ओळीत उजवा रकाना रिकामाच होता. सात घरांत त्यांनी विचारलं होतं, आणि सातही घरांनी काकूंच्या घराकडे बघून विषय बदलला होता.

"मास्तरमहोदय?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी चपलेकडे पाहिलं. "दोन हजार," ते पुटपुटले.

मीटरसाहेबांनी आकडा लिहिला नाही. वही मिटली, सगळ्यांना मान लववली आणि ते जिना चढून वर गेले.

काकू बराच वेळ खाली मशिनीपाशी बसल्या. एक बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. मग उठून वर गेल्या. मीटरसाहेब खिडकीपाशी बसले होते.

"चुकलं माझं," काकू म्हणाल्या. "या महिन्यापासून दोन हजार द्या. आणि मागचे दोन महिने घेतलेले जास्तीचे आठ हजार मी परत करते. एकदम जमणार नाही. थोडे थोडे करून देते."

"मला पैशांचे दुःख नाही," मीटरसाहेब म्हणाले. "मी अकरा मित्रांना सहा सहस्र असे पत्र पाठवले आहे. पस्तीस वर्षांत मी एकही मीटर चुकीचे वाचले नाही. आता माझे पहिले वाचन चुकीचे आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि थोडे पैशांचेही आहे."

काकू गार झालेला सूपाचा वाडगा उचलायला गेल्या, तसा मीटरसाहेबांनी हात वर केला. "थांबा. किती वाडगे झाले?"

"कसले?"

"सूपाचे. येथे आल्यापासून."

ते वहीचं नवं पान उघडून बसले. सूप, पाव, सहा शर्ट, कोटाचं अस्तर, रोजचं गरम पाणी. पावाचा भाव दिराच्या दुकानाचा, शिलाईचा काकूंचा, सूपाचा कोपऱ्यावरच्या खाणावळीचा. काकूंनी दोनदा "अहो, राहू द्या" म्हटलं, पण मीटर वाचायला बसलेला माणूस असा उठत नाही. अर्ध्या तासाने त्यांनी बेरजेखाली दोन रेघा मारल्या आणि ते थक्क होऊन काकूंकडे पाहू लागले.

"महोदया, आपण मला महिन्याला सहा हजार सातशेची सेवा दिली. मी सहा हजार दिले. म्हणजे आपण मला दरमहा सातशे देऊन येथे ठेवले आहे. वर खोली निःशुल्क."

"अगं बाई!" काकू खुर्चीत बसल्या.

"आपण व्यवसाय कसा करता?" मीटरसाहेबांनी खऱ्या काळजीने विचारलं.

काकूंना आधी रडू आलं आणि मधेच त्याचं हसू झालं. शेवटी ठरलं ते असं: भाडं दोन हजार, सूप आठवड्यातून दोनदा आणि त्याचे वेगळे पैसे, गरम पाणी ज्याचं त्याने तापवायचं, मागचं सगळं माफ. पुढे महिनाभर गल्लीला वरच्या खोलीतून जळक्या कांद्याचा वास येत होता, पण काकू वर गेल्या नाहीत. जिन्यापर्यंत दोनदा गेल्या, तेवढंच.

दिराने आठ दिवस तोंड लपवलं. नवव्या दिवशी त्याने दुकानावर पाटी लावली, सगळ्यांना एकच भाव, अंडी चोपन्न. त्याला वाटलं, वहिनी खूश होतील. वहिनी झाल्याही, पण बाकीची गल्ली पेटली. मास्तरीणबाई पाटी वाचून तडक काकूंकडे आल्या.

"आमचे डझनामागे सहा वाढले! तुमचे कमी व्हायला आमचे कशाला वाढवायचे?"

"मी काही वाढवले नाहीत. भाऊजींनी वाढवले."

"तुम्ही भांडलात म्हणून वाढवले! आम्ही मेहनतीने कमी करून घेतले होते. अर्धा अर्धा तास उभं राहून!"

मास्तरीणबाई पुढे तीन महिने काकूंशी बोलल्या नाहीत. पडदे शिवायचे होते ते बाहेर दिले आणि दोन्ही पडदे वीतभर तोकडे आले. ते खिडकीत लागल्यावर काकूंना आत कुठेतरी बरं वाटलं, हे त्या कोणापुढे कबूल करणार नाहीत.

मीटरसाहेबांनी अकरा जणांना दुरुस्तीचं पत्र लिहिलं: घरभाडे सहा सहस्र नव्हे, दोन सहस्र, चुकीबद्दल क्षमस्व. या बातमीने सर्वांत जास्त आनंद दिराला झाला. अकरा म्हातारे येणार म्हणून त्याने दुकानामागचं कोठार रिकामं करून त्याला चुना लावला आणि दोन पलंग आणून टाकले. मग उत्तरं यायला लागली. सहा हजार असताना अकराच्या अकरा निघायच्या तयारीत होते. दोन हजार ऐकल्यावर नऊ जणांना शंका आली. एवढं स्वस्त कसं? छप्पर गळतं का? पाणी येतं का? एकाने तर सरळ विचारलं होतं, तिथे काही आजार आहे का?

"सहाच राहू द्यायला हवे होते," दीर म्हणाला.

उरलेल्या दोघांपैकी एक आला. दिराच्या कोठारात चार दिवस राहिला, पाचव्या दिवशी चांभाराचा कुत्रा त्याला चावला. त्याचा तो चोविसावा. तो मीटरसाहेबांना मिठी मारून परत गेला. दिराने पलंग विकायला काढले, ते काकूंनी घेतले. भाव त्यांनी स्वतः केला, अर्धा तास उभं राहून. दीर शेवटी म्हणाला, "फुकट न्या वहिनी, पण घरी जा." त्यांनी पैसे मोजूनच नेले.

त्यानंतर काकूंना घासाघिशीची चटकच लागली. बाजारातून आल्या की जिन्याखाली उभ्या राहून वर ओरडून सांगायच्या, वांगी इतक्याला, कांदे इतक्याला. मीटरसाहेब वरून लिहून घ्यायचे. असंच एकदा त्या टोमॅटो घेऊन आल्या. "वीसच्या खाली येत नव्हती ती लाल छत्रीवाली, अठराने आणले!"

मीटरसाहेब वरून संकोचून म्हणाले, "मी चौदा देतो."

"कुठून?"

"त्याच ताईंकडून. लाल छत्री."

काकूंनी पिशवी खाली ठेवलीच नाही. आल्या पावली बाजारात परतल्या. लाल छत्रीखाली भाजीवाली पालकावर पाणी शिंपडत होती.

"काय गं, आमच्या वरच्या पाहुण्याला टोमॅटो चौदाने देतेस? आणि मला जन्मभर ओळखतेस ती अठराने? तो घासाघीस तरी करतो का?"

"छे! त्याला कुठली येते घासाघीस," भाजीवाली म्हणाली. "मी चौदा सांगते, तो चौदा देतो."

"मग?"

"तो रोज येतो ना काकू, तेव्हा आधी टोपी काढतो. मग विचारतो, 'आपल्या मातोश्री कशा आहेत?' त्याच्या पुस्तकात तसं आहे म्हणे, आधी मातोश्रींची चौकशी करायची आणि मग भाव विचारायचा."

"तुझी आई तर..."

"सहा वर्षं झाली तिला जाऊन." भाजीवालीने पालकाची जुडी झटकली. "पहिल्या दिवशी सांगणार होते. मग म्हटलं, जाऊ दे. बऱ्या आहेत म्हणून सांगते. रोज सांगते. परवा तर सांगितलं, गुडघे दुखतात जरा, तर बिचारा मलम घेऊन आला. आता त्याच्याकडून अठरा कसे घेऊ, तुम्हीच सांगा."

काकू पिशवी या हातातून त्या हातात घेत उभ्या राहिल्या. मागचं गिऱ्हाईक ढकलायला लागलं, तशा त्या म्हणाल्या, "पालक कसा दिलास?"

"दहा."

काकूंनी दहा दिले. मग जरा वाकून, आवाज खाली आणून विचारलं, "मलम लावतेस की नाही मग?"

"लावते की," भाजीवाली म्हणाली. "माझेच दुखतात."

आणि तिने न मागता कोथिंबिरीच्या दोन काड्या काकूंच्या पिशवीत टाकल्या.